राणीच्या बागेतल्या पेंग्विनना बर्फ का नाही?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेपुढे दहा मिनिटं उभं राहिलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "अगं, पण बर्फ कुठाय?" कधी तो चार वर्षांचं पोर विचारतं, कधी त्याची आजी. आजीच्या आवाजात जरा फसवणूक झाल्याची छटा असते. रांग लावून, तिकीट काढून आत यावं तर पांढराशुभ्र अंटार्क्टिका कुठेच नाही. समोर दिसतात नकली खडक, निळसर पाणी आणि जेमतेम दोन फूट उंचीचे काळे-पांढरे पक्षी.

आजींचा दोष नाही. पेंग्विन म्हटला की बर्फ, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण हे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, आणि त्यांच्या मूळ गावी बर्फाचा पत्ता नसतो. ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेला. पाठीमागे वाळवंट, पुढे समुद्र. नकाशा काढून बघा: पेरूची राजधानी लिमा विषुववृत्तापासून सुमारे १२ अंशांवर आहे आणि आपली मुंबई १९ अंशांवर. विषुववृत्ताला जास्त जवळचं गाव पेंग्विनवाल्यांचं आहे, आपलं नाही.

मग तिथे पेंग्विन टिकतो कसा? समुद्रामुळे. त्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो, हम्बोल्ट प्रवाह. वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलत राहतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्याबरोबर तळाचं खतपाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, पोसतं, प्लवकावर अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा. हा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. त्याच्यावर पेंग्विन जगतो. एल निन्योच्या वर्षी हे गार पाणी वर येणं मंदावतं, मासा खोल किंवा दूर जातो आणि पेंग्विन उपाशी मरतो. १९८२-८३च्या एल निन्योत पेरूतले पेंग्विन मोठ्या संख्येने दगावले. ज्या एल निन्योच्या नावाने आपला शेतकरी दर काही वर्षांनी आभाळाकडे बघत बसतो, तोच हा.

तेव्हा हम्बोल्ट पेंग्विनला गार पाण्यात पोहायची आणि उन्हात उभं राहायची, दोन्हींची सवय आहे. त्याच्या चोचीच्या मुळाशी गुलाबी कातडी दिसते ना, तिथे पिसं नसतात. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती खिडकी. गरम झालं की तिथे रक्त जास्त खेळतं आणि ती जागा लालसर होते.

हा पक्षी किती काटक आहे याचा एक किस्सा तोक्योचा आहे. तिथल्या कासाई भागातल्या सी लाइफ पार्कमधून २०१२च्या मार्चमध्ये ३३७ क्रमांकाचा एक हम्बोल्ट पेंग्विन भिंत ओलांडून पळाला. सापडला तो ८२ दिवसांनी, तोक्योच्या खाडीच्या आसपासच. तोवर स्वतः मासे मारून मजेत होता. परत आणल्यावर तपासलं तर डोळे आलेले, बाकी ठीक.

मग राणीच्या बागेत १६ ते १८ अंशांची एवढी गार खोली कशाला, असा पुढचा प्रश्न येतो. मुंबईच्या दमट उकाड्यात त्याची ती गुलाबी खिडकी पुरत नाही, हे एक कारण आहेच. पण पेंग्विन सांभाळणाऱ्याला रात्री झोप न लागू देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या दोन हवेतून येतात.

पहिली बुरशी. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर, भिंतीच्या ओल आलेल्या कोपऱ्यात जी हिरवट-काळी बुरशी चढते, तिच्या गोतात ॲस्परजिलस नावाची एक आहे. तिची बीजं हवेत सगळीकडे असतात. तुम्ही-आम्ही दिवसभर ती हुंगतो आणि आपलं शरीर ती निस्तरतं. पेंग्विन पिढ्यान् पिढ्या समुद्राच्या धुतलेल्या हवेत वाढला, त्याला हा सराव नाही. त्यात पक्ष्याच्या अंगाची रचनाच अशी की फुप्फुसांना जोडून हवेच्या पातळ पिशव्या असतात आणि श्वास तिथवर आत जातो. ऊबदार, ओलसर, हवेशीर. बुरशीला अजून काय हवं? तिथे ती एकदा रुजली की काढणं महाकठीण. इट्राकोनॅझोलसारखं औषध महिनोन्महिने द्यावं लागतं आणि तरी पक्षी जाऊ शकतो. म्हणून अशा कक्षांत एसी गारवा देतो त्याहून महत्त्वाचं काम हवा गाळण्याचं असतं. गवत, पेंढा, ओलं लाकूड आत नेत नाहीत. गार हवेत बुरशीही संथ वाढते, हा गारव्याचा आणखी एक फायदा.

दुसरा शत्रू आपल्या ओळखीचा: डास. पक्ष्यांनाही मलेरिया होतो. माणसाचा वेगळा, त्यांचा वेगळा; एकाचा दुसऱ्याला लागत नाही. चिमण्या-कावळ्यांच्या रक्तात तो असतो, त्यांना सहसा फार त्रासही देत नाही. गटारीत वाढणारा क्युलेक्स डास तो एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतो. थोडं विषयांतर, पण मलेरिया डासामुळे पसरतो याचा साखळीसकट पुरावा रोनाल्ड रॉसने १८९८ साली कलकत्त्यात मिळवला तो पक्ष्यांवरच. माणसावर प्रयोग करणं जमत नव्हतं म्हणून त्याने पक्षी पाळले, त्यांना डास चावू दिले आणि मलेरियाचा जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचलेला दाखवून दिला. १९०२चं नोबेल त्या कामाला मिळालं.

पेंग्विनच्या वाऱ्याच्या, कोरड्या किनाऱ्यावर डास जवळपास नसल्यामुळे या रोगाशी त्याची कधी गाठच पडलेली नाही. त्यामुळे तो पटकन बळी पडतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०१२ साली सहा हम्बोल्ट पेंग्विन पक्ष्यांच्या मलेरियाने गेले. लंडनमध्ये! मुंबईत उघड्या तळ्यात पेंग्विन ठेवले असते तर काय झालं असतं याची कल्पना ज्याने सप्टेंबरात भायखळ्याला संध्याकाळ काढली आहे त्याला करता येईल. बंद काचेची खोली आपल्याला तुरुंगासारखी दिसते. पेंग्विनपुरती ती मच्छरदाणीही आहे.

आता पाणी. समुद्र स्वतःला साफ करतो, तळं करत नाही. आणि पेंग्विन घाण करण्यात पटाईत. २००३ साली काही संशोधकांनी अंटार्क्टिकाकडच्या पेंग्विनची विष्ठा किती लांब उडते हे मोजलं. घरट्याच्या काठावरून ती साधारण ४० सेंटिमीटर लांब जाते. या अभ्यासाला पुढे विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं, पण ज्याच्या हातात पाइप आणि ब्रश आहे त्याला यात हसण्यासारखं काही दिसत नसावं. तर ही विष्ठा, माशांचं तेल, गळलेली पिसं हे सगळं पाण्यात. वाळूच्या मोठ्या फिल्टरमधून पाणी दिवसभर फिरवत राहायचं, पुष्कळ ठिकाणी ओझोन सोडून जंतू मारायचे, आणि वर तरंगणारा तेलाचा तवंग सतत काढायचा.

तवंगाला एवढं का घाबरायचं? पेंग्विनचं पीस हे त्याचं रेनकोट आणि स्वेटर दोन्ही आहे. वरची आखूड, ताठ पिसं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि खाली मऊ पिसांत हवा कोंडून राहते. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते; चोचीने तिथलं तेल घेऊन पक्षी दिवसभर अंगाला चोपडत बसतो. माशाच्या तेलाचा तवंग पिसांना लागला की कौलं सरकतात. पाणी आत शिरतं, स्वेटर भिजतो. मग पक्षी पाण्यात जायचं टाळतो.

आणि पाण्यात जायचं टाळलं की पाय जातात. आपण दिवसभर फरशीवर उभं राहिलो की तळपायाला कुरूप होतं, तसं पेंग्विनला होतं. फरक एवढा की त्याच्या तळव्याच्या घट्ट्याला चीर पडते, आत जंतू शिरतात, पू होतो आणि तो हाडापर्यंत जाऊ शकतो. समुद्रातला पेंग्विन पोटासाठी तासन् तास पोहतो. इथे मासा हातात आणून देतात, मग पोहायचं कशाला? तो उभा राहतो. ओल्या, कडक सिमेंटवर. म्हणून जमीन एकसारखी ठेवत नाहीत. कुठे गोटे, कुठे रबरी मॅट, कुठे उतार. आणि त्याने पाण्यात उतरावं म्हणून नाना युक्त्या करतात: बुडबुडे सोडतात, तरंगती खेळणी टाकतात, पाण्याला प्रवाह देतात.

युक्तीविना एकदा काय झालं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयाने बघितलं. २००२च्या अखेरीला तिथे ओहायोहून सहा नवे मॅगेलॅनिक पेंग्विन आले. हे हम्बोल्टचे सख्खे चुलत भाऊ. आधीचे ४६ जण वर्षानुवर्षं निवांत बसून असायचे. नव्यांनी तळ्यात गोल गोल पोहायला सुरुवात केली, आणि बघता बघता सगळे ५२ जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारू लागले. आठवडेच्या आठवडे. सांभाळणाऱ्यांना कळेना हे थांबवायचं की चालू द्यायचं. नव्या सुनेने घरातल्या सगळ्यांना पहाटे फिरायला काढावं, तसलाच प्रकार.

जेवणाकडे येऊ. बाजारात आपण कल्ले लाल आहेत का, डोळा पांढरा पडलाय का, पोट दाबल्यावर फुटतंय का हे बघून मासा घेतो. पेंग्विनच्या स्वयंपाकघरातही हेच चालतं, फक्त तिथे चूक झाली तर पोट बिघडण्यावर भागत नाही. मासा बहुधा गोठवलेला असतो, रात्रभर फ्रीजमध्ये हळूहळू सैल होऊ देतात. पाण्यात टाकून घाईने सोडवला तर जीवनसत्त्वं पाण्यात जातात. जीवनसत्त्वांची भानगड आणखीही आहे. काही माशांत असं विकर (एन्झाइम) असतं जे ब१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि मासा साठवणीत पडून असतानाही हे काम चालूच राहतं. म्हणजे पक्षी पोटभर खातो आणि तरी आतून कुपोषित राहतो. पुढे झटके येतात, तोल जातो. उपाय साधा आहे. ब१ आणि ई जीवनसत्त्वाची गोळी माशाच्या कल्ल्यात खोचायची आणि तो मासा आधी द्यायचा, भूक असते तेव्हा.

देण्याचीही रीत आहे. मासा डोक्याकडून चोचीत जायला हवा. शेपटीकडून गेला तर पर आणि खवले घशात उलटे अडतात. पेंग्विनला दात नसतात, पण जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले मांसल काटे असतात. मासा एकदा त्यात गेला की त्याला पुढचाच रस्ता उरतो. शेपूट पुढे करून मासा दिला तर बरेच पक्षी तो झटकून खाली टाकतात आणि दुसऱ्याची वाट बघत उभे राहतात. पडलेल्या माशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पंगतीतल्या रुसलेल्या व्याह्यासारखे.

या सगळ्यात हातात एक वही असते. या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच वस्तू, यंत्रं नंतर. चार-पाच किलोचा पक्षी दिवसाला अर्ध्या किलोच्या आसपास मासे खातो. कुणी सकाळी किती खाल्ले, संध्याकाळी किती, गोळीचा मासा कुणाला गेला, कुणी नाक मुरडलं, हे प्रत्येक पक्ष्याचं वेगळं लिहितात. ओळखण्यासाठी परावर, म्हणजे त्याच्या वल्ह्यासारख्या पंखावर, रंगीत पट्टी असते. वजनकाट्यावर स्वतःहून चढायला शिकवतात. पकडून तोलला तर त्याला धसका बसतो. एवढा आटापिटा का, तर आजारी पेंग्विन आजारी दिसत नाही. समुद्रात जो अशक्त दिसतो त्याला सील आधी धरतो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो मान टाकून बसलेला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याआधी चार दिवस वहीत आठाच्या जागी सहा, मग पाच मासे लिहिलेले असतात. ते ज्याच्या डोळ्यांना खटकतात तो खरा पेंग्विन सांभाळणारा.

राणीच्या बागेची कहाणीही वळणावळणाची आहे. २६ जुलै २०१६ला दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ पेंग्विन आले. ऑक्टोबरात त्यातली एक मादी जिवाणूंच्या संसर्गाने गेली. वर्तमानपत्रं, महापालिका, राजकारण, सगळीकडे पेंग्विन गाजला आणि काही काळ तर तो शब्द टोमणा म्हणूनच चालला. लोकांसाठी कक्ष उघडला तो २०१७च्या मार्चमध्ये. माझं मत विचाराल तर, पोरांची हौस म्हणून इतक्या लांबून हा पक्षी आणायला नको होता. पण आणल्यावर तो नीट सांभाळणं हे निराळं काम आहे, आणि आणण्यावरचा राग त्या काम करणाऱ्यांवर काढण्यात अर्थ नाही. बुधवारी बाग बंद असते. मासे बुधवारीही द्यावे लागतात.

१५ ऑगस्ट २०१८ला तिथे पहिलं पिल्लू जन्मलं. चाळीसेक दिवस आई-बापांनी आळीपाळीने अंडं उबवलेलं. तारखेमुळे कौतुक फार झालं. आठवड्याभरात ते गेलं. कारणांत यकृताचा बिघाड होता आणि बलकाची पिशवी पोटात जिरली नव्हती. ही पिशवी म्हणजे पिल्लाची शिदोरी. अंड्यातून बाहेर पडताना उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि पहिले काही दिवस ते त्यावर निभावतं. ती जिरली नाही तर आतच सडते. बाहेरून पिल्लू बरं दिसत असतं. पुढे मात्र पिल्लं जगली आणि आज तिथली संख्या सुरुवातीच्या दुपटीहून जास्त आहे. आता काळजी वेगळी: मोजक्या जोड्यांची प्रजा आपसात वाढू लागली की नात्यात लग्नं लागणार. म्हणून कोण कुणाचं पोर याची वंशावळ ठेवावी लागते, नर-मादी दिसायला सारखेच असल्याने ते डीएनए तपासून ठरवतात, आणि नको असलेल्या वेळी खरं अंडं काढून नकली ठेवण्याचा मार्गही जगभर वापरतात. जोडी ते इमानेइतबारे उबवत बसते. मला हे नेहमी थोडं लबाडीचं वाटतं.

घरटं म्हणून इथे कोनाडे किंवा खोकी असतात. गावी हा पक्षी ग्वानोत बीळ खणतो. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतकं साचलेले थर. एकोणिसाव्या शतकात पेरूने ते खत म्हणून खणून जगभर विकले आणि पेंग्विनच्या पायाखालची जमीन अक्षरशः बोटीत भरून गेली. हम्बोल्ट पेंग्विन आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे त्यात या खणण्याचा, बेसुमार मासेमारीचा आणि एल निन्योचा वाटा आहे. पुंता सान हुआन नावाच्या पेरूतल्या एका भूशिरावर भिंत घालून राखलेल्या जागेत ते अजून बिळं खणतात.

शेवटी, काचेपुढे ऐकू येणारी दुसरी तक्रार. "तो कोपऱ्यातला बघ, किती आजारी दिसतोय." पिसं उसवलेल्या उशीसारखी, अंग फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले, बाकीचे पोहत असताना हा एकटा खडकाला लागून उभा. बहुतेक वेळा तो आजारी नसतो, कात टाकत असतो. बहुतेक पक्षी थोडी थोडी करून पिसं बदलतात. पेंग्विन सगळी एकदम बदलतो, कारण अर्ध्या कौलांचं छप्पर पाण्यात चालत नाही. आधी काही आठवडे तो अधाशासारखा खातो, वजन वाढवतो. पर सुजतात म्हणून ओळखपट्टी सैल करावी किंवा काढावी लागते. हा काळ वर्षात कधी यावा हे दिवसाच्या लांबीवर ठरतं, आणि बंद खोलीत दिवस म्हणजे ट्यूबलाइट. म्हणून दिवे टायमरवर ऋतूप्रमाणे लवकर-उशिरा मालवतात. दिव्यांत गडबड झाली तर पक्ष्याचं वर्षच चुकतं.

मग दोन-तीन आठवडे तो पाण्याला शिवत नाही, अन्नाला जवळपास तोंड लावत नाही. वहीत त्याच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य. सांभाळणारा रोज तरी मासा पुढे धरतोच, डोक्याकडून. पक्षी मान वळवतो. आणि मग एका सकाळी, जुन्या पिसांचा शेवटचा झुबका मानेवर तसाच चिकटलेला असताना, तो मासा घेतो. एकच. वहीत १ लिहिला जातो.